मन्याची धार आणि भुऱ्याची गादी

प्रश्न : आमच्या घरी दोन बोके आहेत. भुऱ्या पाच वर्षांचा, लहानपणीच नसबंदी केलेला. मन्या अकरा महिन्यांचा. त्याचं ऑपरेशन अजून केलेलं नाही, कारण ह्यांना ते पटत नाही. 'मुक्या जिवाच्या वाट्याचं आपण का हिरावून घ्यायचं,' असं ह्यांचं म्हणणं. गेले दोन महिने मन्या शेपूट ताठ करून घरभर लघवीची धार मारतो. दारापाशी, गॅलरीच्या पडद्यावर, ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेवर. मी पुन्हा नोकरीवर जायला लागले तेव्हापासून हे वाढलंय, त्यामुळे माझ्यावरच राग काढतोय असं वाटतं. ओरडून झालं, तोंडावर पाणी मारून झालं, त्या जागी नेऊन नाक घासून झालं. रोज फिनेलने पुसते, तरी वास हटत नाही. दोघांना मिळून बाथरूममध्ये शी-शूसाठी एकच ट्रे आहे, लिटर म्हणजे मांजरांची वाळू भरलेला. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर हल्ली एक अनोळखी बोका येऊन बसतो. आणि गेल्या आठवड्यापासून भुऱ्याही बिघडलाय. आमच्या गादीवर थोडं थोडं मुततो, ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो. सासूबाई म्हणतात, एकदा लागलेली खोड जात नाही, मन्याला कुठेतरी लांब सोडून या. मला दोघंही हवे आहेत. काय करू?
– दोन बोक्यांची आई

उत्तर : ताई, पत्र तुम्ही मन्यासाठी लिहिलंत, पण मी आधी भुऱ्याबद्दल बोलते. एवढा भाग वाचून झाला की बाकीचं उत्तर बाजूला ठेवा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

'थोडं थोडं मुततो' आणि 'ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो' या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ती खोड नसते, दुखणं असतं. बोक्याची मूत्रनलिका मांजरीपेक्षा लांब आणि अरुंद असते. मूत्राशयाला सूज आली, लघवीत बारीक खडे किंवा चिकट गाळ तयार झाला, की ती तुंबू शकते. लघवी पूर्ण अडली तर रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. भुऱ्या ट्रेमध्ये बसून कुंथतोय पण काहीच येत नाही, विव्हळतोय, खालची बाजू सारखी चाटतोय, ओकतोय, मलूल पडलाय, पोटाला हात लावू देत नाही, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, तसेच निघा. सकाळची वाट पाहू नका. पुष्कळ लोक ते कुंथणं पाहून बद्धकोष्ठ झालंय असं समजतात आणि हातातले तास घालवतात. थोडी का होईना लघवी होत असेल तरीही आजच दाखवा. आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरांसाठी विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीवावर बेतू शकते.

डॉक्टर पोट चाचपून पाहतील, लघवी तपासतील, गरज वाटली तर सोनोग्राफी करतील. दहा वर्षांखालच्या मांजरांत अशा तक्रारींचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे मूत्राशयाची अशी सूज, जिच्यात ना जंतू सापडतात ना खडा. ही सूज आणि मनावरचा ताण यांचा जवळचा संबंध आहे. निदान हेच निघालं तर दुखणं कमी करणारं औषध, ओलं खाणं, भरपूर पाणी आणि ताण हलका करणं, हाच उपचाराचा गाभा असतो. म्हणजे मन्याची धार आणि भुऱ्याची गादी या दोन तक्रारी एकाच मुळाच्या निघण्याची बरीच शक्यता आहे. तोवर भुऱ्याला वेगळ्या खोलीत त्याचा स्वतःचा ट्रे देऊन ठेवा, म्हणजे तो दिवसातून किती वेळा जातो आणि किती लघवी करतो हे तुम्हाला नक्की सांगता येईल. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

आता मन्या.

मन्या जे करतो ते आणि भुऱ्या जे करतो ते दिसायला सारखं असलं तरी अगदी वेगळं आहे. लघवी करायची असली की मांजर बसतं, आडव्या जागेवर करतं, मूत्राशय रिकामं करतं आणि नंतर उकरून झाकायला बघतं. धार मारताना ते उभं राहतं, पाठ भिंतीकडे करतं, शेपूट वर जाऊन थरथरते, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि लघवीचा जेमतेम चमचाभर फवारा उभ्या पृष्ठभागावर उडतो. त्यानंतर झाकण्याचा प्रयत्न नाही, कारण ते झाकायचं नसतंच. तेच मांजर थोड्या वेळाने ट्रेमध्ये जाऊन रीतसर लघवीही करतं. तुम्ही लिहिलेली ताठ शेपूट, पडदा, दार, बॅग, हे सगळं धारेचंच वर्णन आहे. पूर्ण वाढ झालेल्या, नसबंदी न केलेल्या बोक्यात ही वागणूक सगळ्यात जास्त दिसते. नसबंदी झालेले बोके आणि मांजरीही धार मारतात, पण कितीतरी कमी.

ही दारावर लावलेली नावाची पाटी आहे. मी इथे राहतो, या वाटेने अमुक वेळी गेलो, मी वयात आलेलो बोका आहे, एवढा मजकूर त्या वासात असतो. बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते स्वतः फारसं वासाचं नाही, पण हवेत राहिलं की हळूहळू फुटतं आणि त्यातून तो डोक्यात जाणारा दर्प सुटतो. म्हणूनच ताज्या डागापेक्षा कालचा डाग जास्त घाण मारतो. मूत्रपिंडात तयार होणारं एक प्रथिन हे फेलिनिन बनवायला मदत करतं, हे २००६ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. नसबंदी न झालेल्या बोक्यांत फेलिनिन सगळ्यात जास्त असतं आणि नसबंदीनंतर ते उतरतं. तुमच्या घरातला वास फिनेलला का दाद देत नाही, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

तेव्हा तो तुमच्यावर राग काढतोय ही कल्पना कृपा करून मनातून काढून टाका. ती तुम्हालाही छळते आणि त्यालाही. मन्या वयात आला आणि तुम्ही नोकरीवर परत गेलात, हे एकाच सुमाराला घडलं. शिवाय तुमची रोजची ये-जा म्हणजे दार उघडणं, बाहेरचे वास आत येणं, जेवणाखेळाच्या वेळा सरकणं. यातली प्रत्येक गोष्ट बोक्याला अस्वस्थ करते, आणि अस्वस्थ बोका आपली खूण नव्याने ठेवून धीर मिळवतो. ह्यांची बॅगच का, तर ती रोज बाहेरून नवे वास घेऊन येते. दार आणि गॅलरी का, तर त्या घराच्या सीमा आहेत. ओरडणं, पाणी मारणं, नाक घासणं यांतून त्याला एवढंच कळतं की या घरात भरवसा नाही. मग ताण वाढतो, त्याबरोबर धार वाढते, आणि ती तुम्ही घरात नसताना मारायची हेही तो शिकतो. शिक्षा आजपासून बंद. प्रत्यक्ष धार मारताना दिसलाच तर लांबूनच एखादं खेळणं सरकवून त्याचं लक्ष वेधा, त्याला उचलू नका.

आता नसबंदी. इथे मी मधला मार्ग सुचवणार नाही. मन्याची नसबंदी झाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही उपायाला नीट यश येणार नाही. दहातल्या सुमारे नऊ बोक्यांत नसबंदीनंतर धार थांबते किंवा खूपच कमी होते. बहुतेकांत फरक काही आठवड्यांत दिसतो, थोड्यांना काही महिने लागतात. पाच-सहा महिन्यांच्या आसपास, वयात येण्याआधीच ऑपरेशन झालं असतं तर ही वेळ बहुधा आली नसती, पण अकराव्या महिन्यातही उशीर झालेला नाही. धारेची सवय दोन महिन्यांची आहे, दोन वर्षांची नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. म्हणून तारीख पुढे ढकलू नका.

तुमच्या यजमानांच्या बोलण्यामागे माया आहे, ती मला दिसते. त्यांना माझ्याकडून एवढं सांगा. नसबंदी न झालेला आणि घरात बंद असलेला बोका सुखात नसतो. शरीर त्याला सतत बाहेर ओढत असतं आणि दार बंद असतं, म्हणून तो रात्र रात्र ओरडतो, येरझाऱ्या घालतो, पडद्यावर धार मारतो. बाहेर सोडला तर मारामाऱ्यांत फाटलेले कान, पिकलेल्या जखमा, गाड्यांखाली येणं आणि चाव्यांतून पसरणारे रोग वाट्याला येतात. त्यातला मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू मुख्यतः भांडखोर बोक्यांच्या चाव्यांतूनच पसरतो. आपण त्याचं काही हिरावून घेत नाही, त्याच्यामागे लागलेली तगमग थांबवतो. 'निदान एकदा तरी त्याला मांजरीकडे जाऊ दे' या सल्ल्यालाही काही आधार नाही. त्याने ना तब्येतीला फायदा होतो ना स्वभावाला. उलट सवय घट्ट होते आणि कुठेतरी आणखी पिल्लं जन्माला येतात. लवकर नसबंदी केली की मूत्रनलिका अरुंद राहते आणि लघवी तुंबते, अशी एक भीती घालतात. अभ्यासांत तसा काही अर्थपूर्ण फरक आढळलेला नाही. भुऱ्याच्या दुखण्याचं खापर त्याच्या नसबंदीवर फुटू नये म्हणून हे मुद्दाम लिहिते.

ऑपरेशन भूल देऊन होतं आणि थोड्या वेळात आटपतं. आदल्या रात्रीच्या खाण्याबद्दल डॉक्टर सांगतील तसंच करा. पुढचे काही दिवस त्याला जखम चाटू देऊ नका आणि ट्रेमध्ये धुळकट लिटरऐवजी फाडलेला कागद घाला. दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. पहिली म्हणजे नसबंदीनंतरही काही आठवडे बोका पिल्लांचा बाप होऊ शकतो, तेव्हा लगेच मोकळं सोडू नका. दुसरी, दवाखान्यातून आलेल्या मन्याला दवाखान्याचा वास येईल आणि भुऱ्या त्याला ओळखीचा न मानता फिस्कारेल. निदान पहिला दिवस तरी दोघांना वेगवेगळं ठेवा. भुऱ्या दवाखान्यातून आला की उलट बाजूनेही हेच होईल. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र घटते. त्यामुळे खाणं मोजून द्या, नाहीतर वर्षभरात मन्या गोलमटोल होईल आणि जाडी लघवीच्या दुखण्यालाही आमंत्रण देते.

आता तुमच्या हातातली बाटली. फिनेल बंद करा, आणि हे मी वासासाठी नाही, दोघांच्या जिवासाठी सांगते आहे. फिनॉल जातीची रसायनं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजरांच्या यकृतात फारच कमी असते. पुसलेल्या फरशीवरून ते चालतात, मग पंजे चाटतात, आणि ते पोटात जातं. टी ट्री, लिंबू, निलगिरीसारखी तेलं शिंपडून बोक्याला लांब ठेवायचे घरगुती उपाय सांगितले जातात, तेही याच कारणासाठी नकोत. डांबराच्या गोळ्या तर नकोतच. अमोनिया असलेला क्लीनर लघवीसारखाच वास मागे ठेवतो, म्हणजे पुसट झालेली खूण आपणच ठळक करून द्यायची. ब्लीचचा लघवीशी संयोग झाला की विषारी वाफ निघते.

मग पुसायचं कशाने? प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारा एन्झाइमवाला क्लीनर घ्या. तो वास झाकत नाही, वास देणारे घटकच तोडतो. पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि इथेच बहुतेक लोक घाई करतात. फवारून लगेच पुसलं तर काहीच होत नाही. आधी कोरड्या फडक्याने ओल टिपून घ्या. जिथे फिनेल मारलंय ती जागा साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा, कारण फिनेलचा अंश एन्झाइमला मारतो. मग क्लीनर भरपूर घालून जागा चिंब करा, बाटलीवर दिलेला वेळ ओली राहू द्या आणि हवेवर वाळू द्या. जुन्या डागांवर हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. क्लीनर मिळेपर्यंत एन्झाइम असलेल्या कपडे धुण्याच्या पावडरचं कोमट पाण्यातलं पातळ द्रावण वापरा. जागा स्वच्छ पाण्याने धुवा, वाळल्यावर वरून सर्जिकल स्पिरिट फिरवा, पण आधी एखाद्या कोपऱ्यावर रंग उडत नाही ना ते बघा. वाळेपर्यंत दोघांना तिथे जाऊ देऊ नका. पडदे धुताना गरम पाणी किंवा वाफ नको, उष्णतेने वास धाग्यात पक्का बसतो.

दिसतात तेवढेच डाग आहेत असं मात्र समजू नका. रात्री दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च भिंतींवरून, सोफ्याच्या मागून, दाराच्या चौकटीवरून फिरवा. लघवीचे डाग पिवळसर-हिरवट चमकतात. खाली वाहत आलेला ओघळही धुवायचा असतो, धारेची जागा त्याच्या बरीच वर असते. प्रत्येक डागाला खडूने खूण करा आणि उजेडात एकेक धुवा. त्या खुणा एका कागदावर घराचा आराखडा काढून नोंदवून ठेवा. त्या कागदाकडे पाहिलं की मन्याला कशाचा धसका आहे हे तुम्हालाच उमगेल. सगळ्या खुणा दारंखिडक्यांभोवती असतील तर कारण बाहेर आहे. खोल्यांच्या मध्ये, पॅसेजमध्ये, वाटेवर असतील तर कारण घरातल्या दोघांत आहे.

तुमच्या पत्रावरून तरी मला दोन्ही दिसतात. बाहेरचं कारण म्हणजे कट्ट्यावरचा पाहुणा. काचेपलीकडून रोखून बघणारा अनोळखी बोका हे धार मारण्याचं फार मोठं निमित्त आहे. त्या खिडकीच्या खालच्या भागाला दुधी रंगाची फिल्म लावा, मन्या चढून बसला तरी बाहेर दिसणार नाही इतक्या उंचीपर्यंत. उजेड येत राहील. तो पाहुणा बाहेरून तुमच्या भिंतीवर आणि दारावर धार मारत असणार, तेव्हा उंबऱ्याची आणि कट्ट्याची बाहेरची बाजूही त्याच क्लीनरने धुवा, नाहीतर वास फटीतून आत येत राहील. त्याला दगड मारू नका. तो कुणाचा असेल तर त्यांच्याशी बोला, बेवारस असेल तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या मदतीने त्याचीही नसबंदी करता येईल का ते पाहा. चपलांचं कपाट बंद ठेवा आणि ह्यांची बॅग घरात आल्याबरोबर कपाटात जाऊ द्या. एवढ्या एका सवयीने बॅगेचा प्रश्न संपतो.

धुतलेल्या जागेला नवं काम द्या. मांजर जिथे खातं किंवा झोपतं तिथे सहसा धार मारत नाही. गॅलरीच्या पडद्याखाली मन्याची वाटी ठेवा किंवा त्याचं अंथरूण घाला. दाराजवळ नख्या घासायचा खांब उभा करा. तो हलता कामा नये, आणि मन्या पूर्ण ताणून उभा राहील इतका उंच हवा. पंज्यांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे ओरखडणं हीसुद्धा खूणच आहे. खूण करायचीच आहे तर या खांबावर करू दे.

घरातलं कारण जास्त नाजूक आहे. 'दोघं भांडत तर नाहीत,' असं तुम्ही म्हणाल. मांजरांचं भांडण पुष्कळदा आवाज न करता चालतं. एक जण पॅसेजच्या तोंडाशी पसरून बसतो आणि दुसरा तिथून जातच नाही. एक खोलीत आला की दुसरा उठून जातो. एक ट्रेमध्ये असताना दुसरा बाहेर टपून बसतो. लांबून एकटक बघणं, हेसुद्धा धमकावणंच. एकमेकांना चाटणारी, अंगाला अंग लावून झोपणारी मांजरं मित्र असतात. केवळ एका घरात राहणारी नव्हेत. भुऱ्या चार वर्षं एकटा राजा होता आणि मन्या पिल्लू होता तोवर चाललं. वयात आलेला बोका ही वेगळी बाब आहे. दोन-चार दिवस नुसतं बघत बसा, हात न घालता. पुष्कळ कळेल.

त्यातही बाथरूममधला एकच ट्रे मला सगळ्यात जास्त खटकला. मांजरं जितकी, त्यापेक्षा एक ट्रे जास्त, म्हणजे तुम्हाला तीन हवेत. आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी, कारण शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतात आणि एकाला दोन्हींवर पहारा ठेवता येतो. ट्रे मोठा हवा, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. लिटर बिनवासाचं. घाण रोज काढायची, आठवड्याला ट्रे पूर्ण रिकामा करून धुवायचा. धार मारणाऱ्याचा ट्रेशी काय संबंध, असं वाटेल. पण ट्रे वाढवणं, रोज साफ करणं आणि जुन्या खुणा नीट धुणं, एवढ्यानेही औषधाविना धार कमी होते, असं अभ्यासात दिसलं आहे. वाट्याही वेगळ्या ठेवा, एकाला खाताना दुसरा दिसणार नाही अशा. पाणी दोन-तीन जागी ठेवा. आणि उंचावर बसायच्या जागा वाढवा, कपाटाचा माथा, भिंतीवरची फळी. घराची जमीन वाढवता येत नाही, पण मांजराला उंचीही जागाच वाटते.

भुऱ्याचं दुखणं आणि मन्याचं ऑपरेशन यांमुळे दोघं तसेही वेगळे राहणार आहेत. त्याचा फायदा घ्या आणि त्यांची पुन्हा नव्याने ओळख करून द्या. एक मऊ फडकं मन्याच्या गालावरून फिरवून भुऱ्याच्या अंथरुणाजवळ ठेवा, भुऱ्याचं मन्याकडे. गालांच्या ग्रंथींतला गंध हा आपलेपणाचा असतो. दोघंही फडक्याकडे शांतपणे बघायला लागले की खोल्यांची अदलाबदल करा. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग दार थोडं उघडं, मग एका खोलीत थोडा वेळ, तोही खेळताना किंवा खाताना. कुणी फिस्कारलं तर एक पायरी मागे या. याला आठवडे लागतील, लागू द्या.

तुम्ही नोकरी सोडावी असं यात काहीही नाही. मांजराला तुमचा अख्खा दिवस नको असतो, ठरलेली वेळ हवी असते. जाण्याआधी आणि आल्यावर दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या टोकाला पीस बांधून खेळवा, दोघांना वेगवेगळं, आणि खेळ संपला की लगेच खायला द्या. शिकार, खाणं, चाटणं, झोप हा त्यांचा मुळातला क्रम आहे. तो रोज पूर्ण झाला की अंगातली निम्मी बेचैनी तिथेच जिरते.

गालांच्या गंधाची कृत्रिम नक्कल असलेले डिफ्युझर मिळतात. भिंतीच्या प्लगमध्ये लावले की माणसाला वास येत नाही, मांजराला येतो. काही घरांत त्यांची चांगली मदत होते, काहींत फारशी नाही. निदान महिनाभर सलग लावून पाहावं, पण तो वरचा आधार आहे, साफसफाई आणि ट्रे सोडून नुसता तो लावला तर पैसे वाया जातील. एवढं करूनही धार चालूच राहिली तर औषधं आहेत, फ्लुऑक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन ही त्यांतली मुख्य. ती चांगला गुण देतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आधी रक्ततपासणी करतात, आणि बंद करतानाही हळूहळू करावी लागतात. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

सासूबाईंना वासाचा त्रास होतोय तो खराच आहे, दिवसभर घरात त्याच असतात. त्यांना आराखड्याचा कागद दाखवा आणि खिडकीवरच्या पाहुण्यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे द्या. तो किती वाजता येतो हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही. पण मन्याला लांब सोडून येणं म्हणजे घरात वाढलेल्या, शिकार न येणाऱ्या बोक्याला दुसऱ्या बोक्यांच्या हद्दीत टाकणं आहे. असे बोके उपाशी मरतात, मार खाऊन मरतात किंवा परत यायच्या वाटेवर मरतात. हा पर्याय घरात पुन्हा बोलायलाही घेऊ नका. आणि 'लागलेली खोड जात नाही' हे मन्याच्या वयाच्या बोक्याबाबत खरं नाही, वर दिलेला दहात नऊचा हिशोब त्यांना वाचून दाखवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती नव्या खुणा सापडल्या तो आकडा लिहीत जा. आठवड्याला २५ वरून ८ वर आलं तरी घर वासाचंच वाटतं आणि माणूस धीर सोडतो. तो आकडा तुम्हाला खरं काय ते सांगेल. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनीही आकडा उतरला नाही तर मन्याला पुन्हा डॉक्टरांकडे न्या. लघवी तपासून घ्या. क्वचित एखादं वृषण पोटातच राहून गेलेलं असतं. तसं असेल तर बोक्याच्या लिंगावरचे बारीक काटे, जे नसबंदीनंतर काही आठवड्यांत जिरायला हवेत, ते तसेच राहतात. डॉक्टरांना ते बघायला सांगा. खुणांचा आराखडा आणि कॅलेंडरची पानं सोबत न्या, औषध सुरू करायचं की नाही हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.